घसारा धरून

जुलैत पहिल्याच तासाला मोहोड सरांनी विचारलं,
“सीईओ कोणाकोणाला व्हायचंय?”
सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.
बाहीतून तिखटाची भुकटी उडाली
आणि पुढच्या बाकावरची शबनूर लागोपाठ तीनदा शिंकली.
आमची ओळख ही अशी.

कॉलेज बायपासला, पानमळ्यांच्या पलीकडे.
खाली बियाण्यांचं गोडाऊन, वर एमबीए.
जिन्यात सोयाबीनचा वास,
वर्गात प्रोजेक्टर, लाइन असली तर.
मी बीए, मराठी वाङ्मय. मात्रा मोजता यायच्या, व्याज नाही.
सरांनी फळ्यावर लिहिलं:
जे येते ते नावे, जे जाते ते जमा.
मी समास सोडून उतरवून घेतलं,
कुणी गेल्याचं पत्र लिहावं तसं.

ऑगस्टभर अमेरिकेतल्या एका कॉफीच्या दुकानाची केस.
कप साडेपाच डॉलरला.
पथ्रोटच्या तेजुसिंगनं विचारलं,
“सर, तिथं उधारी चालते का?”
सर हसले. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
त्यांचाही पगार जूनपासून थकलेला,
हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी
“रिस्पेक्टेड सर अँड माय डिअर” इथवर पोचले
आणि पंख्याकडे बघत उभी राहिले,
पुढचं वाक्य त्याला पाठ असल्यासारखी.

पोळ्याच्या सुट्टीनंतर गुण लागले. वीसपैकी पाच.
शबनूर काही बोलली नाही,
अचलपूरहून येताना अब्बूंच्या भट्टीतली फुटकी खारी घेऊन आली.
डब्याच्या झाकणावर टोस्ट मांडत म्हणाली,
“हे बघ, इतके विकले की लाकडाचे पैसे सुटले.
इतके विकले की कारागिराचे.
याच्यापुढचा एक, हा आपला.”
तो एक तिनं मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.
पुस्तकात याला चोवीस पानं लागतात.

डिसेंबर. सकाळी पेपर, रात्री तेरीज जुळेना.
दोनशे सत्तरचा फरक.
चारदा बेरीज केली, चारदा तेच दोनशे सत्तर,
मांडीवर कुत्र्यानं येऊन बसावं तसे ढिम्म.
आई कांडपयंत्र पुसत होती. सातवी पास.
“किती म्हन्ली? दोनशे सत्तर? ते त नऊनं जाते.
आकडे उलटे मांडले असशीन कुठीतरी. पाय बरं.”
सापडलं. चौदाशे सत्तरच्या जागी सतराशे चाळीस.
“तुले कोनं शिकवलं व हे?”
“कोन शिकवते? चुकू चुकू.”

मग झोपच उडाली.
तिच्या उधारीच्या वहीत नावं नसतात, माणसं असतात:
लाल दुपट्टावाली. म्हैस हरपलेले.
सून भांडकुदळ पण पैसे देते ती.
मी म्हटलं, तुह्या धंद्याचा ताळेबंद मांडू.
यंत्र नऊ वर्षांचं, दहा टक्क्यांनी घसारा धरला.
“घसारा म्हंजे?”
“वापरून वापरून वस्तू झिजते, तेवढी किंमत कमी करायची.”
ती कोपर चोळत हसली, हसताना खोकली.
“मंग यंत्राचाच धर, माय. दुसरं काही नोको धरू,
नाहीतं तोटाच निंगंन.”

अकाउंट्सला चौपन्न मिळाले.
राहिला एकच विषय: बिझनेस कम्युनिकेशन.
वाङ्मयाची मी, दोन दिवस तोंड लपवलं.
बॅकलॉगची फी भरायला वहीतून नोट काढली
तेव्हा शेवटच्या पानावर ओळ दिसली:
*घरची पोट्टी. फी, बस, चष्मा.*
पुढचा रकाना कोरा.

नावे का जमा, तेही लिहिलेलं नाही.
मी वही होती तशी दाबून ठेवली यंत्राखाली,
दुसऱ्या सत्राची पहिली बस सव्वासहाची होती
आणि बाही झटकायची राहूनच गेली.